‘पार्ट बदलावा लागेल’ साहेबांस अनावृत पत्र

माननीय सर्व्हिस ॲडव्हायझर साहेब,

सा. न. वि. वि. पत्रास कारण की, आपण बसवून दिलेल्या नव्याकोऱ्या एअर सस्पेन्शन कॉम्प्रेसरसह आम्ही गणपतीला कोकणात निघालो. माणसं बसली, सामान चढलं, गाडीची मागची बाजू दबली आणि दबलेलीच राहिली. आपण कोड पुसून विझवलेला डॅशबोर्डवरचा दिवा पेण यायच्या आत पुन्हा लागला.

आपली निदानपद्धती मी याचि डोळां पाहिली आहे. स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली, पडद्यावर कॉम्प्रेसरच्या सर्किटचा कोड उमटला आणि आपण मान हलवलीत, “गेलाय. पार्ट बदलावा लागेल.” त्या सर्किटमध्ये फ्यूज असतो, रिले असतो, वायरींचे जोड असतात, अर्थ असतो. नेमका सगळ्यात महाग ऐवज आपल्या नजरेत भरला. एस्टिमेट असं की त्यात एक बरी सेकंडहँड स्कूटर आली असती.

“मीटर लावून बघितलंत का?” असं मी विचारण्याचा आगाऊपणा केला, तेव्हा आपल्या पोऱ्याने कॉम्प्रेसरचा प्लग काढला, त्यात मीटरच्या पिना घातल्या आणि 12.5 व्होल्ट दाखवले. करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली! साहेब, प्लग काढल्यावर त्या वायरीतून वाहत काहीच नसतं. वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडणार कुठून? मीटर पूर्ण आकडा दाखवणारच. ओहमचा नियम 1827 पासून छापील उपलब्ध आहे. जोडात 0.2 ओहम रोध बसला आणि मोटरने 20 अँपिअर ओढले, की चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मोटरच्या वाट्याला येतात साडेआठ. ती कण्हते, पुरेशी हवा भरत नाही, मग कंट्रोल युनिट तिला बंद करतं आणि कोड नोंदवतं. ते 0.2 ओहम साध्या मीटरवर धड मोजताही येत नाहीत. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध जवळपास तेवढा असतो. मोजायचं ते प्लग जोडलेला ठेवून, मोटर चालत असताना, बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या निगेटिव्हपर्यंत. तिथे चार व्होल्ट दिसले की चोर सापडला.

तो सापडला माणगावजवळच्या एका टपरीत. तिथल्या वायरमनने अगदी हेच मोजलं, चाकामागचं प्लास्टिक उघडलं आणि अर्थचा बोल्ट सोडला. खालचा लग कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवावं तसा हिरवागार कळकला होता. त्याने तो पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं. गाडी उठली. त्याने घेतलेल्या पैशांत आपल्याकडचा जीएसटीसुद्धा भागला नसता.

आपली कॉफी उत्तम होती. मोफत वॉशिंगमध्ये चाकामागे प्रेशरने पाणी मारलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

पण आता उपरोध पुरे. चांगला चालणारा पार्ट काढून भंगारात टाकणं आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून वाजवून घेणं, याला निदान नाही, लूट म्हणतात. आणि ही लूट तुम्ही एसीत बसून, टाय लावून, ‘सर, सर’ करत करता!

तरीही त्या दिवशी तुमच्या टेबलावरचं जॉबकार्ड उलट्या बाजूने वाचलं आणि तुमची कीव आली. त्यावर प्रत्येक पार्टला नंबर आहे, तो बसवण्याच्या मजुरीला ठरलेला दर आहे. बिघाड शोधत बसायला मात्र एक ओळही नाही. तुमचा पोऱ्या तासभर चाकामागे वाकून वायर तपासत बसला, तर त्या तासाचं बिल कशावर फाडणार? वर महिनाअखेरचं टार्गेट तुमच्या मानेवर. त्या पोराला लोड देऊन व्होल्टेज मोजायला कुणी शिकवलं नाही, कारण त्यातून कुणाचंच टार्गेट भरत नाही. शोधण्याची मजुरी लावा की साहेब, उघडपणे, पार्टच्या वरच्या ओळीत! मी कुरकुर न करता भरली असती.

तूर्त एकच मागणी आहे. माझा जुना कॉम्प्रेसर मला परत द्या. तो चालू आहे.

आपला,
एक गिऱ्हाईक