फुकटच्या अंड्याचे ऋतुचक्र

परसातील कुक्कुटपालन, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत पाच-दहा देशी कोंबड्या उकिरडा, कणी-कोंडा आणि किडामुंगीवर वाढवण्याची पद्धत, महाराष्ट्रात बिनभांडवली समजली जाते. आणि तिला ‘नैसर्गिक’ हे विशेषण लागले की ती बिनमेहनतीचीही असावी, असा समज शहरातून गावी परतलेल्या निवृत्त वर्गात दृढ होतो. या समजाला अर्धसत्याचा आधार आहे. देशी कोंबडी बरेचसे पोट आपले आपण भरते, हे खरे. मात्र ती वर्षाकाठी साधारण ६० ते ८० अंडीच देते, त्यांतली काही शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत घालते, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचा जो खर्च खाद्याच्या पावतीवर दिसतो, तो परसातल्या कोंबडीच्या बाबतीत मालकाच्या कमरेतून, झोपेतून आणि शेजारसंबंधांतून वसूल होतो. प्रस्तुत विवेचनात या वसुलीचा ऋतुवार आढावा घेतला आहे.

चैत्रापासून आरंभ करावा, तर पहिलाच ऋतू कोंबडीला मानवत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, तिला घर्मग्रंथी नसतात आणि पिसांचा डगला बारमाही अंगावर असतो. त्यामुळे विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की चोच उघडी टाकून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरून उभे राहणे, यापलीकडे तिला फारसे काही करता येत नाही. धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा पुरवठा त्यामुळे घटतो आणि अंड्याचे कवच पातळ पडते. अशा वेळी शिंपल्यांचा चुरा चारण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि एरवी तो योग्यही असतो. पण उन्हाळ्यातली खरी उणीव सावलीची असते. मातीच्या परळात वरचेवर गार पाणी ओतणे, खुराड्याच्या छपरावर ओली गोणपाटे अंथरणे आणि दाणा सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर टाकणे, हे सारे मालकाकडे येते. भर दुपारी शिडीवर चढून गोणपाट भिजवणाऱ्या गृहस्थाकडे आंब्याखाली पसरलेला कळप ज्या नजरेने पाहतो, तिच्यात कृतज्ञता शोधणे अशास्त्रीय ठरेल.

याच दिवसांत धूळस्नानाला बहर येतो. धूळस्नान म्हणजे कोरड्या मातीत खळगा करून, कुशीवर लोळून, पिसांच्या मुळापर्यंत धूळ उडवण्याची क्रिया होय. तिच्यामुळे पिसांवरचा जादा तेलकटपणा निघतो आणि उवा-पिसवांचा उपद्रव कमी होतो. त्यासाठी मालक चुलीतली राख व बारीक वाळू कालवून एका कोपऱ्यात खास न्हाणी तयार करतो, आणि कोंबड्या तिला वळसा घालून आदल्या दिवशी मिरचीची रोपे लावलेल्या वाफ्यात जाऊन लोळतात. जागेच्या निवडीचे निकष अद्याप पूर्णपणे उलगडलेले नसले, तरी नुकतीच खुरपलेली भुसभुशीत माती आणि मालकाची अनुपस्थिती या दोन अटी निर्णायक असाव्यात, असे अनुमान करता येते.

पहिला पाऊस पडून पंख फुटलेली वाळवी बिळांतून बाहेर पडली की कळपाला जे भोजन घडते, त्याची सर कोणत्याही विकतच्या खाद्याला येत नाही. हा योग एरवीही जुळवून आणता येतो: जुन्या मडक्यात ओलसर शेण, गवत आणि गोणपाटाचे तुकडे भरून ते संध्याकाळी वाळवीच्या वारुळावर पालथे घातले असता सकाळी त्यात वाळवी भरलेली सापडते आणि पिलांना प्रथिनांचा उत्तम खुराक मिळतो. घराच्या वाशांना लागलेली वाळवी मारण्यासाठी औषधावर पैसे घालणारा गृहस्थ परसात तीच वाळवी मडक्यात जोपासतो, यात विसंगती आहेच. पण पिलांनी ती कधी निदर्शनास आणलेली नाही.

पावसाळ्याचा खरा मुद्दा ओलीचा आहे. जमिनीवर चार-सहा इंच भाताचे तूस अंथरून ते वरचेवर खालीवर करत राहण्याच्या रीतीला गादी पद्धत म्हणतात. त्या तुसात विष्ठा मिसळून हळूहळू कुजते, आणि गादी कोरडी राहिली तर वर्षअखेर तिचे उत्तम खत होते. ती भिजली तर मात्र अमोनियाचा उग्र दर्प सुटतो आणि पिलांना रक्ती हगवण, म्हणजे आतड्यातील सूक्ष्म परजीवींमुळे होणारा रक्तमिश्रित जुलाब, गाठते. कोकणात पावसाची झड लागली की गादीत चुना मिसळणे, भिजलेले तूस काढून टाकणे आणि कोरडे तूस कुठून तरी पैदा करणे, हा त्या घरचा नित्यनेम बनतो, आणि गादी या शब्दाशी जोडलेल्या आरामाच्या सर्व कल्पना केवळ कोंबड्यांच्याच वाट्याला येतात.

यानंतर येतो तो आषाढ, बोलीतला आखाड, ज्याचे कळपावरील परिणाम कोणत्याही साथीपेक्षा अधिक खात्रीने वर्तवता येतात. श्रावण पाळायचा असल्याने दिव्याच्या अमावास्येपूर्वी सामिष खाणे उरकून घेण्याची घाई घरोघर सुरू होते, वर्षभर न फिरकलेले पाहुणे देशी कोंबड्यांच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी करू लागतात आणि कळपातला सर्वांत भरदार कोंबडा एका रविवारी नाहीसा होतो. त्यातून उद्भवणारा प्रश्न सामाजिक आहे. नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी असे मांडले की, कळपात कोणी कोणाला चोच मारावी आणि कोणी निमूट सोसावी, याची एक उतरंड ठरलेली असते. घरातल्या कालवणासाठी या उतरंडीतला वरचा मान रिकामा झाला की खालच्या सर्वांच्या आकांक्षा जाग्या होतात आणि दाण्याच्या टोपल्याभोवती काही दिवस हाणामारी चालते. अशा वेळी दाणा दोन-तीन ठिकाणी विभागून टाकावा, म्हणजे हरलेल्या पक्षालाही पोट भरता येते. पुढे श्रावणात कळपाला जी शांतता लाभते, ती निसर्गदत्त नसून पंचांगदत्त होय.

आश्विनाच्या सुमारास पिसे झडू लागतात. जुनी पिसे टाकून नवी धारण करण्याच्या या काळात अंडी देणे थांबते, कारण पीस जवळजवळ संपूर्ण प्रथिनांचे असते आणि एकाच मिळकतीतून पोशाख व अंडी हे दोन्ही खर्च भागत नाहीत. मान उघडी, शेपूट नाही आणि पाठीवर नव्या पिसांचे खुंट, अशा अवस्थेतली कोंबडी पाहून नवखा मालक तिला असाध्य रोग जडल्याचे गृहीत धरतो व हळदीपासून कडुनिंबापर्यंत घरातले सर्व वाण तिच्यावर वापरून पाहतो. तिला हवी असते ती मूठभर सुकट किंवा शेंगदाण्याची पेंड आणि थोडा एकांत. दिवाळीच्या आसपास ती नवी वस्त्रे लेऊन वावरू लागते, पण अंडी लगेच सुरू होतातच असे नाही, कारण तोवर दिवस लहान झालेला असतो. अंड्यांसाठी तिला साधारण चौदा तास उजेड लागतो आणि मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा भरतो. शिवाय एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागत असल्याने ती रोज थोड्या उशिराने अंडे घालते आणि उशीर फार साचला की एक दिवस सरळ सुट्टी घेते. खुराड्यात दिवा लावून दिवस लांबवता येतो. मात्र नैसर्गिक संगोपनाचे व्रत घेतलेल्याला तो मार्ग बंद असतो आणि पाहुण्यांच्या आम्लेटासाठी तो वाण्याकडे जाऊन पिंजऱ्यातली अंडी गुपचूप आणतो.

थंडीत कोंबडी खुडूक होते तेव्हा, म्हणजे अंडी देणे सोडून पिसे फुगवून घरट्यात ठाण मांडते तेव्हा, तिचे ऐकण्यातच शहाणपण असते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवस ती ऊब, ओलावा आणि अंडी फिरवणे हे सारे स्वतः सांभाळते आणि पुढे पिलांना पंखांखाली घेऊन दिव्याचाही खर्च वाचवते. वर्षभरातला हा एकच काळ असा असतो की मालकाने काहीही न करणे अपेक्षित असते, आणि नेमका याच काळात तो दर तासाला अंडी तपासायला जाऊन हातावर चोची खाऊन येतो.

घरगुती उपायांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी मानमोडीबाबत भाबडे राहू नये. १९२६मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे नोंदला गेलेला आणि भारतात राणीखेत या नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य रोग मान वाकडी करून आख्खे खुराडे रिकामे करू शकतो; लसूण, हळद किंवा राख यांपैकी कशानेही तो बरा होत नाही, आणि लस हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. अडचण अशी की लशीच्या कुपीत शेकडो मात्रा असतात, ती शीतपेटीतून आणावी लागते, एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, आणि परसात कोंबड्या असतात आठ. म्हणून आळीतल्या सर्वांनी आपापल्या कोंबड्या रात्री डालून ठेवून पहाटे एकाच वेळी लस टोचून घ्यावी, हे उत्तम. त्यासाठी गंजीतल्या अंड्यांवरून वर्षभर अबोला धरलेल्या शेजाऱ्यांना एका कुपीपुरते बोलते व्हावे लागते.

शेजाऱ्याची दुसरी तक्रार आरवण्याची असते, आणि तिच्यावर लस निघालेली नाही. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, अशी म्हण आहे. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३मध्ये असे दाखवले की अखंड मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही अंगातल्या घड्याळानुसार पहाटेच्या वेळेला आरवतो, म्हणजे कोंबडे झाकले तरी आरवायचेही राहत नाही. शिवाय अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, ती पिलांसाठी असते. हे शेजाऱ्याला ठाऊक नसेपर्यंतच त्याची समजूत घालता येते, आणि त्या समजुतीपोटी दर आठवड्याला चार-सहा अंडी कुंपणापलीकडे पोहोचवावी लागतात. ऋतुवार हिशेब येथे पूर्ण होतो. या सर्व उलाढालीत शिडी, गोणपाट, तूस, मडके, लस किंवा आखाडातले पाहुणे यांपैकी कशाचीही तोशीस न लागता ज्याच्या घरी बारमाही ताजी गावठी अंडी येतात, अशी एकच व्यक्ती आढळते. सबब ज्यांना अंडी खरोखर फुकट हवी असतील, त्यांनी कोंबड्या न पाळता कोंबड्या पाळणाऱ्याशेजारी घर घ्यावे आणि पहाटे नियमितपणे तक्रार करावी.