भूत बसवायचं कुठं?

2024 साली हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली. तारीख 31 ऑक्टोबर. त्या वर्षी अमावास्या दोन दिवसांत वाटली गेल्यामुळे लक्ष्मीपूजन गुरुवारी की शुक्रवारी यावरून देशभरच्या पंचांगवाल्यांची जुंपली होती. आमच्या साताऱ्याच्या घरात त्याच आठवड्यात निराळीच जुंपली होती. चिरंजीव सहावीत. शाळेत कुणीतरी हॅलोविनचं खूळ आणलं आणि 'यंदा किल्ला नको, भूतबंगला करू' असा ठराव गल्लीतल्या पोरांनी आमच्या ओट्यावर बसून एकमतानं मंजूर केला. अनुमोदन नवऱ्याचं. जागा, जुन्या चादरी आणि फराळ यांची जबाबदारी माझी, हे ठरावात लिहायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

पहिला आक्षेप सासूबाईंचा. "किल्ला नाही? मग महाराज बसायचे कुठं?"

प्रश्न बिनतोड होता. साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो, तरी दर दिवाळीला गल्लीगल्लीत विटा, गोणपाट आणि चिखल घालून त्याची धाकटी भावंडं उभी राहतात. वर अळीव पेरायचे, कुंभाराकडून मावळे आणायचे. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि गुहेतला वाघ हत्तीपेक्षा मोठा असला तरी इतिहासाला आजवर धक्का बसलेला नाही. एवढं सगळं सोडून भूत? शेवटी तह झाला: ओट्यावर महाराज, मागच्या अडगळीच्या खोलीत भूत. महाराजांच्या पहाऱ्यातून गेल्याशिवाय भुतापर्यंत पोचता येणार नाही, या कलमावर सासूबाईंनी सही केली.

आता कुठलं भूत? पोरांना परदेशी पाहिजे होतं, सुळेवालं. सासूबाईंनी ते तिथल्या तिथं फेटाळलं. "इकडची काय संपली?" म्हणाल्या, आणि चकल्या तळता तळता त्यांनी भुतांची अशी वर्गवारी सांगितली, की झारा हातात असलेला कुलगुरूच बोलतोय असं वाटावं. मुंजा पिंपळावर, खोड्या काढणारा, पण मनानं वाईट नाही. मुंजीनंतर सोडमुंजीआधी गेलेलं पोर ते, त्याला काय घाबरायचं? खवीस आडदांड. गिऱ्हा पाण्यातला. चकवा दिसत नाही, नुसती वाट चुकवतो. वेताळ सगळ्यांचा राजा, अमावास्येला पालखी काढतो, त्याला अडगळीच्या खोलीत बोलावणं शोभत नाही. राहिली हडळ. पाय उलटे. पोरं खूश.

हडळीला अंग कुठून आणायचं हा पुढचा पेच. नवऱ्यानं माळ्यावरून गौरीचा स्टँड काढला. उंची बरोबर, हात वाकवता येतात, साडी नेसवायला सोयीचा. सासूबाईंनी तो नुसता पाहिला. एक शब्द बोलल्या नाहीत. स्टँड ज्या वाटेनं खाली आला त्याच वाटेनं वर गेला. मग नववीतली भाची स्वतःच हडळ व्हायला तयार झाली. मोजे घालून त्यावर मामाचे बूट उलटे बांधायचे, टाच पुढं. साडी सासूबाईंची जुनी नऊवारी, ती मात्र त्यांनी आनंदानं दिली. गौरीचं नको, पण स्वतःचं चालेल, हा त्यांचा न्याय मला अजून उलगडलेला नाही.

भोपळ्याचं प्रकरण लवकर मिटलं. हॅलोविनला भोपळा कोरून आत दिवा लावतात. आयर्लंडात आधी सलगम कोरायचे, तिकडची माणसं अमेरिकेला गेली तेव्हा त्यांना तिथं भोपळा गवसला. पण आपल्याकडं भोपळ्याला कोण भितंय? गोष्टीतली म्हातारी त्यात बसून लेकीकडून परत आली, वाघाला चकवून. माझं माहेर सांगली, आणि तिच्या शेजारी मिरजेला भोपळ्याचा तंबोरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मुलखातल्या मुलीनं भोपळ्याला दात पाडायचे? तरी मंडईतून एक लाल भोपळा आणला. बाईनं अख्खा भोपळा चिरायचा नाही म्हणून पहिली सुरी नवऱ्यानं घातली आणि आतला गर काढता काढता त्याला घारग्यांची आठवण झाली. दुपारी गर गेला, संध्याकाळी सालही भाजीत गेली. भूतबंगल्याला भोपळ्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

तोवर बातमी गुरुजींपर्यंत पोचली होती. गुरुजी म्हणजे पलीकडच्या बोळातले निवृत्त विज्ञान शिक्षक आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जुने कार्यकर्ते. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, 1989 साली त्यांनी समिती काढली आणि तिचा कारभार चालला तो याच गावातून. तेव्हा साताऱ्यात भूत बसवायचं तर दोन घरं सोडून कुणीतरी कार्यकर्ता राहतोच, हे धरून चालावं लागतं. गुरुजी काठी टेकत आले. आता पोरांचा हिरमोड होणार म्हणून मी चहा टाकला.

"भूत दाखवताय? दाखवा," गुरुजी म्हणाले. "पण कसं केलंय ते दाखवणार का?"

"दाखवू की," चिरंजीव म्हणाले.

"मग रक्त कशाचं करताय?"

पोरांनी टोमॅटो सॉसची बाटली पुढं केली. गुरुजींच्या चेहऱ्यावर जी व्यथा उमटली ती बुवाबाजी पाहूनही उमटत नसेल. त्यांनी माझ्याकडून माहेरची हळद मागितली. सांगलीची, म्हणजे प्रश्नच नव्हता. हळदीचं दाट पाणी करून जुन्या पांढऱ्या चादरीला माखलं आणि चादर वाळत टाकली. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली. तीत पंजा बुडवून पिवळ्या चादरीवर टेकवला. हात उचलला, तर खाली लालभडक पंजा! बोटं न् बोटं उठलेली, मनगटाशी एक ओघळ. पोरं चार पावलं मागं सरकली. मग गुरुजींनी लिंबू पिळलं. पंजा बघता बघता पिवळा पडला आणि चादरीत विरून गेला.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "लिंबानं उतरतं म्हणत होते ना मी!"

"काकी, ते आम्ल आहे," गुरुजी कळवळून म्हणाले. "हळद अल्कलीत लाल होते आणि आम्लात—"

"नाव काही का असेना. उतरलं की नाही?"

या मुद्द्यावर ते दोघं भाऊबीजेपर्यंत भांडत होते. माझं मत विचाराल तर भूतबंगला बांधायला समितीच्या कार्यकर्त्याइतका लायक माणूस दुसरा नाही. बुवाला त्याची एखादी हातचलाखी ठाऊक असते. यांना सगळ्या बुवांच्या ठाऊक असतात. गुरुजींची अट एकच: बाहेर पडायच्या दारावर फलक पाहिजे. त्यांनी तो स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. 'आत भूत नव्हते. कारणे पुढीलप्रमाणे.' खाली क्रमांक घालून कारणं. 1 नोव्हेंबर हा दाभोलकरांचा जन्मदिवस, निदान त्या दिवशी तरी हा फलक कुणी झाकू नये, असं त्यांनी बजावलं. कुणी झाकला नाही.

इथवर सगळं स्वस्तात चाललं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती अंधारापाशी.

अंधार ही वस्तू पूर्वी फुकट मिळायची. वीसेक वर्षांपूर्वी भारनियमन होतं तेव्हा सांगलीत आमच्या गावभागात दिवे जायचे, सगळी आळी पायऱ्यांवर येऊन बसायची, आणि कुणी विचारो न विचारो, भूत त्यातून आपोआप निघायचं. त्याच्याही आधीचा, अस्सल म्हणावा असा अंधार मी हरिपूरच्या पेवात पाहिलाय. तिथली जमीनच अशी, की खोल खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. वडिलांनी एकदा उघडं पेव दाखवलं. वरून तोंड एवढंसं, आणि खाली जो काळोख, त्याला तळच दिसेना. माणूस उतरण्याआधी दिवा सोडून बघायचे, दिवा विझला तर आत हवा नाही. 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. आता अंधार पाहिजे तर विकत आणायला लागतो आणि दिवाळीत तर तोही मिळत नाही.

आमच्या अडगळीच्या खोलीला एकच खिडकी, पण तिच्यासमोर शेजाऱ्यांचा आकाशकंदील. तो दर काही सेकंदांनी रंग बदलायचा, त्यामुळे हडळ कधी हिरवी, कधी गुलाबी. भिलारकडच्या चुलतदिरांकडून स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरून उरलेला मल्चिंग पेपर आला. तणाला अंधारात कोंडायचं हेच त्याचं काम, तेव्हा वस्तू अगदी योग्य. पण तो एका अंगानं काळा आणि दुसऱ्या अंगानं चंदेरी असतो. नवऱ्यानं चंदेरी अंग आत घेतलं. खोली लग्नाच्या हॉलसारखी झगमगली. उलटा लावला, तर दारावरच्या झरोक्यातून उजेड. झरोका बुजवला, तर कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा लाल डोळा. त्यावर चिकटपट्टी लावली, तर राउटर लुकलुकायला लागला, आणि तो बंद करायचा विषय काढताच पोरांनी भूतबंगलाच बंद करायची धमकी दिली.

हे सगळं जमवून आणलं आणि धनत्रयोदशीला सासूबाई पणती घेऊन आल्या. दक्षिणेकडं ज्योत करून यमाला दिवा लावला आणि तसाच दुसरा दिवा हडळीच्या खोलीत नेऊन ठेवला. "दिवाळीत घरातला कोपरा अंधारात ठेवायचा नाही."

"आई, तिथं भूत आहे."

"म्हणूनच ठेवते."

जो सण साक्षात यमालाच दिवा दाखवतो, त्याच्यापुढं आमच्या हडळीचं काय चालणार? गोव्यातल्या लोकांचं बरं असतं. ते नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री बांबू-कागदाचा दोन-दोन पुरुष उंच नरकासुर करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. आमच्याकडं नरकासुर म्हणजे एक कारीट. पहाटे अंघोळीआधी पायाखाली फट्‌कन फोडलं की मिटलं.

31 च्या संध्याकाळी भूतबंगला उघडला. गर्दी चांगली जमली. पण भीतीला एक गोष्ट लागते: समोरचं काय आहे ते माणसाला कळता कामा नये. आमच्या गल्लीत कळत नाही असं काहीच नाही. पहिल्या काकू आत गेल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर धाकट्याच्या बारशाची नऊवारी!" दुसऱ्यांनी उलट्या बुटांवरून नवऱ्याच्या पायाचं माप ओळखलं. हडळीनं किंकाळी फोडली तर तिसऱ्या म्हणाल्या, "घसा बसलाय का गं? हळद-दूध घे." तिकडं अमेरिकेत पोरं दारोदार जाऊन खाऊ द्या नाहीतर छळू म्हणतात म्हणे. इथं छळायला वेळच मिळेना, कारण बाहेर पडणाऱ्याच्या हातात सासूबाई फराळाची बशी देत होत्या. थोड्या वेळानं हडळही पणतीच्या उजेडात चिवडा खात बसली. सबंध संध्याकाळभरात एकच पोरगं रडलं, तेही त्याच्याच चपलांमुळं. पाऊल टाकलं की पीं पीं वाजायच्या आणि लाल दिवा लागायचा.

भाऊबीजेला सांगलीहून दादा आला. दादा हौशी नाटकवाला. सांगलीत नाटकवाला नसलेला माणूस शोधायला लागतो, पण दादा त्यातलाही कडवा. ओवाळून झालं, ताटात ओवाळणी पडली आणि चिरंजीवांनी मामाला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. दादानं चादर पाहिली, मल्चिंग पेपर पाहिला, अंधाराची सगळी कर्मकथा ऐकून घेतली.

"अंधार कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "काळोख करून कुणीही घाबरवेल. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा अंधार होता काय? त्या नाटकांत राक्षस पेटत्या मशालींवर राळ उडवत, भगभगीत उजेडात यायचा. परवा 5 तारखेला रंगभूमी दिन आहे, निदान एवढं तरी माहीत असू दे."

"मग घाबरायचे कशाला लोक?"

"आवाजाला. पुढं शिकल्यासवरल्या मंडळींनी त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून नावं ठेवली. का? तर राक्षस तसा ओरडायचा म्हणून."

"करून दाखव ना मामा."

"इथं? आत्ता? जेवण व्हायचंय."

पण नाटकवाल्याला दोनदा विचारावं लागत नाही. दादानं खोलीतली ट्यूब लावली. कारळ्याच्या चटणीचा डाग पडलेला सदरा, कपाळावर माझ्या हातचा कुंकवाचा टिळा, कानावर अक्षता. रंग नाही, मुखवटा नाही. दोन पावलं मागं गेला, कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि दारातून उडी मारून जो काही ओरडला, त्यानं ओट्यावरच्या किल्ल्याचा एक बुरूज ढासळला. शेजारचं कुत्रं गल्लीच्या टोकाला जाऊन थांबलं. पोरं किंचाळत पळाली आणि 'पुन्हा, पुन्हा' करत परत आली. सासूबाईंनी आतूनच विचारलं, "पडलं का कोण?"

गुरुजी त्या वेळी बाहेरच्या दाराशी फलकाचा निसटलेला कोपरा डकवत उभे होते. त्यांच्या हातातली खळीची वाटी उडाली, काठी उडाली आणि ते स्वतःही वीतभर तरी उडाले. नवऱ्यानं त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दचकणं ही मज्जासंस्थेची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मोठा आवाज अचानक आला की मेंदूनं विचार करायच्या आधीच स्नायू आखडतात, त्याचा भयाशी संबंध नाही आणि भुताशी तर नाहीच नाही, हे ते चहा संपेपर्यंत दादाला समजावून सांगत होते. दादा मान डोलवत होता. मग गुरुजींनी खडू मागून घेतला आणि फलकावर शेवटचं कारण वाढवलं: 'मामा.'