इंजिनाला काय विचारता, सांगाड्याला विचारा

ल्यों, फ्रान्स
वैशाख वद्य

तीर्थस्वरूप अण्णाकाका आणि काकू यांस,


तुमचं पत्र, त्याच कागदाच्या पाठीवर काकूंनी लिहिलेली पुरवणी आणि गॅरेजवाल्याचा खर्चाचा अंदाज, तिन्ही मिळालं. घर एक, मोटार एक, मतं तीन. तुमचं म्हणणं, सॅन स्टॉर्म दुरुस्त करायची. काकूंचं म्हणणं, विकायची, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही तर भंगारवाल्याला वर चहा पाजून द्यायची. गॅरेजवाला म्हणतो, मारुतीचं इंजिन बसवून देतो, कोणाला कळणारसुद्धा नाही. आम्ही इकडे दोघांनी बसून विचार केला आणि चौथं मत तयार केलं, म्हणजे आता मतदान घ्यायला हरकत नाही. आमचं म्हणणं असं, की इंजिन बिघडलंय हे खरं, पण ठेवायची की विकायची हा निकाल इंजिनाकडे मागू नये. या गाडीत इंजिन ही सगळ्यात साधी, सगळ्यात सहज मिळणारी वस्तू आहे. निकाल द्यायचा तो तिच्या पोटाखालच्या लोखंडी सांगाड्याने, आणि त्याच्याकडे अजून कोणी वाकून पाहिलेलं दिसत नाही.

गाडी कशाची झाली आहे ते आधी बघा. रेल्वेच्या कामाची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या बंगळुरूच्या एका कंपनीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढायची हुक्की आली. तिने आखणी फ्रान्सच्या लोकांकडून करून घेतली, बांधणी गोव्यात केली आणि इंजिन रेनॉचं घेतलं. घरात इंजिनांचा कारखाना असताना इंजिन बाहेरून आणलं, हा मोठाच शहाणपणा. नाहीतर तुम्हाला मांगराऐवजी रत्नागिरी स्टेशनात जागा मागावी लागली असती. बॉडी फायबरग्लासची, इंजिन ११४९ सीसीचं, ताकद साठेक अश्वशक्तीची. आजची १.२ लिटरची वॅगन-आर अश्वशक्तीत हिच्या बरीच पुढे आहे, पण हे वाक्य पत्रातच लिहिता येतं, तोंडावर नाही. गाड्या मुळातच थोड्या निघाल्या आणि मग बंद झाल्या. तेव्हा हिची काच, दिवे, दरवाजे हे सगळं दुर्मिळ. इंजिनाचं मात्र उलट आहे. रेनॉच्या बोलीत त्याचं नाव डी७एफ. १९९६ पासून ते ट्विंगोत बसत आलं, मग क्लिओत, कांगूत, आणि २००७ साली नवी ट्विंगो निघाली तिच्या स्वस्त मॉडेलातही तेच. आमच्या इथे रस्त्यावर ती गाडी इतकी दिसते की कोणी मान वळवून पाहत नाही. हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट, रिंगा, बेअरिंगा, वॉटर पंप, सगळं नवं मिळतं. काका, तुम्ही ज्या गाडीमुळे सगळ्या गल्लीत मिरवता, तिचं काळीज इथल्या बाजारहाटाच्या गाडीचं आहे, आणि आज तेच आपल्या कामाला येणार आहे.

आता नुकसान. गॅरेजवाल्याच्या कागदावर तीन गोष्टी आहेत: गाडी तापली, ऑइल-पाणी एक झालं, हेड गॅस्केट गेलं. चौथ्या ओळीत ‘इंजिन खलास’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात. पहिल्या तीन ओळी पाहिलेल्या आहेत, चौथी ओळ अंदाजाची आहे आणि दोन रेघांनी तिचा पुरावा होत नाही. अशा इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. तापलं की आधी हेड वाकतं. ते उतरवून सरळ पट्टी आणि फीलर गेज लावलं की किती वाकलंय ते कळतं. मर्यादेत असेल तर फेसिंग करून सपाट करता येतं, नसेल तर दुसरं हेड बघावं लागतं. बोअरला ओरखडे आहेत का, पाणी मिसळलेल्या ऑइलने क्रँकची बेअरिंगं खाल्लीत का, हे हेड आणि चेंबर उतरवल्यावर डोळ्यांनी दिसतं. याला खलास म्हणत नाहीत. खलास कशाला म्हणतात ते चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा बुडालेल्या गाडीत सिलिंडरपर्यंत पाणी गेलं असेल आणि मालकाने घाईने स्टार्टर मारला असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकायचा, कारण पाणी काही दाबलं जात नाही. शिवाय गाळ वायरिंगमध्ये, डॅशबोर्डात, सीटच्या स्पंजात. तसली गाडी विकून टाकणं योग्यच, कारण तिथे नुकसान गाडीभर पसरलेलं असतं आणि वर्षभर एकेक करून डोकं वर काढत राहतं. आपलं नुकसान एका जागी बसलेलं आहे. मोठं असलं तरी त्याच्याभोवती खडूने गोल काढता येतो.

सांगाड्याचं तसं नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो, म्हणजे लोखंडाला सुट्टी अशी नाहीच. पत्र्याची मोटार निदान प्रामाणिक असते: रंगाला फोड येतो, मग भोक पडतं, मग मालक दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्या उद्योगाला लागतो. फायबरची बॉडी गंजत नाही, तुम्ही तिला खोबरेल लावल्यासारखी तुकतुकीत ठेवलीही आहे, पण त्याच तुकतुकीमुळे खाली काय चाललंय ते लपतं. बॉडीला तडा गेला तर मला काळजी नाही. मिरकरवाड्याला फायबरच्या होड्यांना ठिगळं लावणारे कारागीर आहेत. मॅट आणि रेझिन घेऊन ते जे करतील ते इकडच्या एखाद्या झकपक वर्कशॉपला जमणार नाही. पण सस्पेन्शन जिथे सांगाड्याला धरलेलं असतं, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात, जॅक जिथे लावतात, तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं आणि तो आत गेला, तर पुढचं बोलणंच नको. त्या सांगाड्यावर नवं इंजिन चढवणं म्हणजे जास्त वेगाने तुटण्याची सोय करणं. तेव्हा आधी गाडी उचलून खालून पाहणं, आणि मगच वरचं झाकण उघडणं. गॅरेजवाला उलट्या क्रमाने निघालाय, कारण त्याला इंजिनाचे पैसे मिळतात, टोचण्याचे मिळत नाहीत.

त्याच्या मारुतीच्या सूचनेवर दोन शब्द. स्वस्त आहे, सुटे भाग नाक्यावर मिळतील, हे मान्य. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या गाडीत असे फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलणं वेगळं आणि भलतंच बसवणं वेगळं. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. ‘कोणाला कळणार नाही’ याची मुदत पहिल्या अपघाताच्या विम्यापर्यंत. कोणी असंही सुचवेल, की महिंद्राने नाशिकला रेनॉची लोगन काढली होती, तिचं बसेल. नाही बसणार. २००७ ची ती लोगन पेट्रोलमध्ये १.४ आणि १.६ लिटरची होती, ते घराणंच निराळं. तुम्ही म्हणाल, मग तिकडच्या भंगारातलं आख्खं इंजिन पाठवून द्या. जुना माल आयात करायला परवाना लागतो, आणि कस्टमच्या साहेबाला ट्विंगोचं महत्त्व पटवून देण्याइतकं आयुष्य कोणाकडे आहे? नवे सुटे भाग मात्र पावतीसकट, सांगून-सवरून, लागेल ती ड्यूटी भरून आणता येतात. येताना ज्या बॅगेतून आंबापोळी आणि फणसपोळी येते, तिच्यातून जाताना हेड गॅस्केट आणि रिंगांचा डबा जाईल. बॅगेला वास थोडा वेगळा येईल एवढंच.

आहे तशी विकून टाका, हा काकूंचा आग्रह वरवर व्यवहारी वाटतो. पण कुठल्याही वस्तूला बाजारभाव असायला आधी बाजार लागतो. बंद पडलेल्या मारुतीला भाव असतो, कारण तशा शंभर विकल्या जातात. बंद पडलेल्या सॅन स्टॉर्मला समोरचा माणूस सांगेल तो भाव, आणि समोरचा माणूसही ‘इंजिन खलास’ हीच ओळ वाचून सांगणार. त्यात कागद. तुमची एमएच-०८ पंधरा वर्षांच्या पुढे गेलेली, म्हणजे आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, हरित कर हे सगळं आलं. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. फिटनेसला गाडी चालत जावी लागते. गाडी चालत नाही म्हणून कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून भंगार. आणि भंगारात तरी काय? २०२१ च्या धोरणात सांगितलं होतं, की मोडीत दिलेल्या गाडीला साधारण नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळावेत. आपल्या मॉडेलची नवी गाडीच निघत नाही, टक्के कशाचे काढायचे? नाक्यावरचा भंगारवाला वजनावर घेतो, आणि फायबरला लोखंडाचा भाव मिळत नाही. काकू, रद्दीसुद्धा जास्त मानाने जाते.

काकूंचा खरा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो भक्कम आहे. चार महिने पाऊस, उरलेल्यात ऊन, छप्पर उघडून भाट्यापर्यंत जावं अशी हवा पौषात थोडे दिवस. २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर ही एवढीशी उंच गाडी न्यायची म्हणजे तिच्या पोटाचीच परीक्षा. वाहन म्हणून या खर्चाचं समर्थन होत नाही, आणि आम्ही करतही नाही. पण मग तिची तुलना वॅगन-आरशी करायची नाही. शौकाला जेवढं बाजूला काढता येईल तेवढ्यातच हिचं भागलं पाहिजे. घराची कौलं शाकारणं आधी, गाडीचं हेड नंतर, हा क्रम काकूंनी ठरवावा आणि काकांनी तो मोडू नये. दोघांनीही एक आकडा मात्र खोडून टाका: आजवर गाडीत घातलेले पैसे. काका त्यावरून म्हणतात, एवढे घातले, आता सोडायची? काकू त्याच आकड्यावरून म्हणतात, एवढे घातले, आणखी घालायचे? एकच आकडा दोन्ही पक्षांची वकिली करतो, तेव्हा त्याला साक्षीदार म्हणून बोलावण्यात अर्थ नाही. मोजायचं ते यापुढचं: सुटे भाग, लेथचं काम, मजुरी, कागद, आणि त्याच्या समोर चालू गाडी हातात असण्याची किंमत. विमा यात येत नाही. इंजिन तापून बिघडणं साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे एजंटाला फोन करून त्याची दुपारची झोप मोडू नका.

एक धोका मात्र दुरुस्ती आणि विक्री दोन्हींपेक्षा मोठा आहे, आणि त्यात आपण कोकणी लोक वाकबगार. सामायिक घराचं होतं तसं, विकायचंही नाही, दुरुस्तही करायचं नाही, फक्त ‘बघू’ म्हणत प्लास्टिक घालून ठेवायचं. त्याला तुमच्याकडे एक गोंडस कारणही तयार आहे: गाडी व्हिंटेज होईल. काका, जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणजे २०५० च्या आसपास. तेव्हा तुम्ही शंभरी ओलांडलेली असेल आणि ढकलायला आलेले आम्ही गुडघ्यांना पट्टे बांधून येऊ. तोवर गाडी काही वाट पाहत बसणार नाही. हेड उतरवून ठेवलेल्या इंजिनाच्या बोअरला दमट हवेत थोड्याच दिवसांत गंज धरतो, रबरी नळ्या कडक होतात, उंदरांना वायरिंग आवडतं. नुसत्या एका पावसाळ्यात आजचं हेड गॅस्केटचं काम बोअर-पिस्टनच्या कामात बदलू शकतं.

म्हणून आगोटीच्या आत हे करा. गाडी खालून तपासा. सांगाडा ठणठणीत निघाला, तर हेड उतरवा, मोजमापं घ्या, आणि काकूंच्या आकड्यात बसत असेल तर दुरुस्त करा. मग विकायची असली तरी चालू गाडी, ताजे कागद आणि खरा इतिहास सांगून विका. सांगाडा कुजलेला निघाला, तर इंजिनाला पान्हासुद्धा लावू नका. तशाच गाडीचा दुसरा मालक शोधा. त्याला तुमच्या काचा, दिवे, दरवाजे, गिअरबॉक्स हवे असतील आणि भंगारवाल्यापेक्षा तो पुष्कळ जास्त देईल. काकांना वाईट वाटेल, पण सुटी सुटी का होईना, गाडी रस्त्यावर राहील. हेड उतरवलं तर इंजिन नंबरचा, जुन्या गॅस्केटचा आणि फीलर गेजचा फोटो पाठवा. सांगाड्याचा फोटो खालून काढलेला हवा. बॉनेटवर हात ठेवून काढलेले तुमचे फोटो आमच्याकडे भरपूर आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमचा पुतण्या आणि सूनबाई

ता. क. टाकीतलं पेट्रोल आजच काढून टाका. हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. काढलेलं पेट्रोल काकूंच्या स्कूटरमध्ये घालू नका, त्यांचा या प्रकरणावरचा राग आधीच पुरेसा आहे.