भातुकलीतले सर्व्हर

व्हीएमवाला हा प्राणी मूळचा हैदराबादचा. घरून काम सुरू झालं तसा तो पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला-जैनथकडच्या मराठी घरांतही दिसू लागला. कंपनीच्या सर्व्हरांवर पॅकेजं चढवायची, खाती उघडायची, फायरवॉल लावायची, हे सगळं तो स्क्रिप्टकडून करून घेतो. नवी स्क्रिप्ट थेट खऱ्या सर्व्हरवर सोडणं म्हणजे अनोळखी वाणाची सरकी सगळ्या शिवारात टोबणं. म्हणून तो आधी स्वतःच्या लॅपटॉपात दोन-तीन लुटुपुटीची यंत्रं (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम) मांडतो.

यंत्रं व्हर्च्युअलबॉक्समध्ये राहतात. त्यांच्यावर मुकादम २०१० साली आलेला व्हेग्रंट. किती यंत्रं, कोणाला किती मेमरी, हे एका फाइलीत लिहायचं आणि ‘व्हेग्रंट अप’ म्हणायचं. आठ जीबीच्या लॅपटॉपात दोन-दोन जीबीची तीन उठली, की उरलेल्या दोनांत विंडोज, ब्राउझर आणि साहेबांची मीटिंग यांची केस्लापूरच्या नागोबा जत्रेसारखी चेंगराचेंगरी होते. पंखा असा घरघरतो, की आई मिक्सर बंद आहे ना, ते पाहून येते.

मग त्या यंत्रांवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या अ‍ॅन्सिबलची फेरी. इथे स्पेसच्या जागी एक टॅब पडला तरी गाडं अडतं. पहिल्या फेरीत पडदाभर पिवळ्या ओळी: बदललं, बदललं. तीच स्क्रिप्ट लगेच पुन्हा चालवली तर मात्र काहीही बदलता कामा नये. कापूस खरेदी केंद्रावर बाप ओलाव्याच्या आकड्याकडे जसा बघतो (८ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, १२ च्या वर गाडी परत), तसा हा बदलांच्या रकान्याकडे बघतो. शून्य आलं की चहा मागतो. दिवसभर खपून काहीच झालं नाही, याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसावा.

चहा संपला की ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ म्हणून सगळी यंत्रं मोडायची.

“मांडतो अन् मोडतो, काहून रे?” आई विचारते.

“पुन्हा मांडता येते का, ते पाहाले.”

खऱ्या सर्व्हरवर स्क्रिप्ट तरीही आपटते. तिथे कोणीतरी कधीतरी हातानं घातलेली एक ओळ निघते. भातुकलीत ती नव्हती. रात्री तो तशीच ओळ घातलेलं चौथं यंत्र मांडायला बसतो आणि मेमरीसाठी आधी ब्राउझर बंद करतो.