टपावरचा तंबू आणि केळीचा ट्रक

लांबच्या प्रवासासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी सजवायची टूम आता जळगाव-धुळ्यातही रुजली आहे. टपावर तंबू, मागच्या दारात घडीचं स्वयंपाकघर, पुढे विंच, बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा स्नॉर्कल. ही यादी मुळात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाची. तिथे पुढचा पंप शेकडो किलोमीटरवर असू शकतो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे हाकेच्या अंतरावर पंक्चरवाला, चहावाला आणि न विचारता सल्ला देणारे चौघे हजर असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वाटेत जे मिळत नाही तेच गाडीत भरावं.

तंबूचंच बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. दिवसभर तापलेल्या पत्र्यावर अंथरूण टाकून झोपायची हौस असणाऱ्याने पापड वाळत घालावेत, निदान घरच्यांना उपयोग होईल. शिवाय अर्धा क्विंटल वजन टपावर चढलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चाळीसगावहून कन्नडकडे जाताना घाटाच्या प्रत्येक वळणावर गाडी कलायला लागते. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान सहसा कोरं करकरीत राहतं. स्वयंपाकघराची अडचण वेगळीच. पारोळ्यात नाहीतर अमळनेरात कुणाची ना कुणाची मावशी असतेच आणि रस्त्याकडेला शेगडी मांडलेली तिला कळलं, तर ‘आम्ही काय मेलो होतो का?’ या प्रश्नाला कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात उत्तर मिळत नाही. स्नॉर्कलने धूळ कमी शिरते हे खरं, पण त्या पैशांत एअर फिल्टर कितीदा तरी बदलून होतील.

खरी परीक्षा घेते ती काळी माती. पावसात ही चिकणमाती फुगते, टायरच्या नक्षीत दोन फेऱ्यांतच गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. चारही चाकांना ताकद पोचते, पण पकड मिळत नाही. लो गिअर टाकून ताकद वाढवली की चाक आणखी रुतत जातं. ‘म्हणून तर विंच हवा’ असं कुणी म्हणेल. विंचचा दोर साधारण पंचवीस-तीस मीटरचा, आणि कापसाच्या शेतात त्याला बांधायला एखादं झाड असलंच तर तो पार बांधावरचा लिंब! शेवटी ट्रॅक्टरच येतो. त्याला हवा असतो चेसिसला पक्का बसवलेला हुक आणि न तुटणारा पट्टा. जॅकही या मातीत गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, म्हणून त्याच्याखाली घालायला बाभळीची जाड फळी हवी. रुंद खाचांचे टायर, हवा भरायचा पंप, पट्टा, फळी, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली की यादी संपली.

‘हे शेतापुरतं ठीक, लडाखला काय करणार?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावरची प्रसिद्ध पाटीसुद्धा पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचं सांगते. नव्या थारची टाकी 57 लिटरची. लिटरला दहाचा हिशेब धरला तरी अंतर कापून उरतं. आणि रावेर-सावद्याची केळी दिल्लीपर्यंत नेणारा ट्रक बघा. ताडपत्री, सोल, टॉमी, स्टेपनी, लाकडी ठोकळे, पाण्याचा कॅन. स्टोव्हही असतो, कबूल. पण तो सीटखाली मावतो आणि झोपायला केबिन पुरते. राहता राहिला पुढचा लोखंडी गार्ड. तो केंद्र सरकारने 2017 मध्येच बेकायदा ठरवला. पादचाऱ्याला त्याने जास्त इजा होते, धडकेचा धक्का तो थेट चेसिसवर नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडवतो.

एवढं वगळल्यावर मागे जागा मोकळी दिसते, आणि तिथे लगेच फ्रिज बसवायचा मोह होतो. तो आवरावा. निघताना मावशी बिबडे, कळण्याचं पीठ आणि भरिताची वांगी देणार. ती पिशवी नाकारायची सोय खानदेशात नाही, आणि तिचं वजन कुठल्याच पुस्तिकेत धरलेलं नसतं.