क्लीव्हलंडच्या आमच्या पालनहारांस

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं १८५ डॉलरचं बिल पोचलं. 'थर्मोस्टॅट कॅलिब्रेशन' असं त्यावर लिहिलंय. योगायोग पाहा, त्याच आठवड्यात मी न कळवता सनीव्हेलहून क्लीव्हलंडला येऊन गेलो. तिथल्या माझ्या भाड्याच्या घरातल्या हॉलमधला तो थर्मोस्टॅट अलगद हातात आला. मागे वायर नाही, वायरसाठी भोक नाही. दुहेरी चिकटपट्टीचे दोन तुकडे तेवढे होते. इतक्या नाजूक यंत्राचं काम अवघ्या १८५ डॉलरांत करून दिलंत, आभारी आहे.

अर्थात चूक माझीच. इथे ज्या पैशांत डाउन पेमेंटही होत नाही, त्यात तिथे तीन बेडरूमचं अख्खं घर मिळतंय म्हटल्यावर माणूस हुरळतो. 'टर्नकी' म्हणालात. चावी फिरवा, भाडं सुरू! किंमत ८९ हजार, भाडं महिना १,०५०, तुमची फी दहा टक्के. तुमच्या एक्सेलमध्ये 'घर रिकामं राहिल्यास' या रकान्यात शून्य होतं. त्या शून्याने तरी माझ्यातला इंजिनिअर जागा व्हायला हवा होता. पण घर विकणारे तुम्ही, रंगवणारे तुम्ही, भाडेकरू आणणारे तुम्ही आणि दुरुस्तीची बिलं लावणारेही तुम्हीच. मला आपलं कौतुकच वाटलं. कुंपणाला शेतीची केवढी आवड!

बरं, मी चौकशी केलीच नाही असं नाही. तुम्ही दिलेल्या तिन्ही घरमालकांना फोन केले. तिघेही खूश. का नसणार? तिघांनीही सहा महिन्यांच्या आत घरं घेतलेली. पहिला भाडेकरू अजून घरात, आणि ओहायोचा एकही हिवाळा पाहिलेला नाही. ज्याचा एक भाडेकरू सोडून गेलाय आणि ज्याच्या तळघरात एकदा पाइप फुटलाय, असा माणूस मागायला मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तुम्ही दिला नसतात म्हणा.

मग उशिरा अक्कल आली. क्लीव्हलंड ज्या कायाहोगा काउंटीत येतं, तिच्या घरखरेदीच्या नोंदी फुकट पाहता येतात. त्यात दिसलं की हेच घर तुम्ही चार महिने आधी ३१ हजारांना घेतलं होतं. ओहायोत दुसऱ्याची घरं पैसे घेऊन भाड्याने द्यायला ब्रोकरचा परवाना लागतो, तोही राज्याच्या यादीत नाव टाकून तपासता येतो. तुमच्या कंपनीचं नाव टाकलं. सापडलं नाही. दोन्ही कामांना मिळून वीस मिनिटं लागली. मिसळ कुठे खायची हे ठरवायला मी याहून जास्त वेळ घालवतो.

घर १९२४ सालचं. अमेरिकेत घरातल्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या भाड्याच्या घरांना 'लेड सेफ' दाखला हवा, असा कायदा क्लीव्हलंडने २०१९ साली केला. आपण जुन्या रंगावर नवा पांढरा रंग फासलात आणि दाखल्याचं नावही काढलं नाहीत. आता महापालिकेची नोटीस आली आहे. माझ्या नावाने आलीय, कारण मालक मी. भाडेकरणीचा मुलगा दोन वर्षांचा आहे. खिडकीच्या चौकटीवरचे रंगाचे पोपडे तो बोटाने काढत बसला होता. यावर मला विनोद सुचत नाही.

त्याची रक्त तपासणी आणि खिडक्यांचं काम माझ्या खर्चाने चालू आहे. आपला करार कालपासून रद्द. चाव्या आणि भाडेकरणीचं डिपॉझिट नव्या मॅनेजरकडे पोचतं करावं.

आपल्याला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला तिघांच्या हातात आपलं माहितीपत्रक दिसलं. त्यांना येतं.

कळावे.