ड्राय हॉपचा यक्षप्रश्न

घरी आंबवलेल्या दिवाळीच्या मसालेदार बिअरमध्ये ड्राय हॉप करावे की नाही, हा प्रश्न अखेर ऐरणीवर आला, हे बरे झाले. दालचिनी, लवंग, वेलदोडा आधीच पडलेले. आंबण संपत आल्यावर न उकळता हॉप्स भिजत घातले, तर कडवटपणा फारसा न वाढता सुवास येतो. पण मग दालचिनीच्या स्वाभिमानाचे काय? या पेचावर पुण्यात रात्री जागवल्या जाव्यात, यातच २००९ सालीच मायक्रोब्रुअरी काढणाऱ्या शहराची उंची दिसते.

हे चिंतन जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याला पोचलेच पाहिजे. सोमवारच्या बाजारात दात बघून बैलाचे वय सांगणारी माणसे हॉप्सही पारखतील. शिवाय हातभट्टीवाल्यांचा अडाणीपणा जाईल. बिचारे गूळ-नवसागर घालतात, तेही तापमानाची नोंद न ठेवता! म्हणून तर त्यांचे रसायन ओढ्यात ओतले जाते. वही आणि रंगीत लेबल असते, तर त्यालाच प्रयोग म्हटले असते.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याला यातले काही कळत नाही. विनापरवाना गाळणारा आणि विनापरवाना आंबवणारा त्याला सारखेच. तेव्हा एक किरकोळ दुरुस्ती सुचवतो : छाप्यात आधी हॉप्स शोधावेत. सापडले, तर पंचांनी चव घेऊन अभिप्राय लिहावा. न सापडल्यास जीप आहेच.

हॉप्स लाहौलच्या थंडीत येतात, जुन्नर तालुक्यात नाही, अशी तक्रार होईल. पण हवामान ही ज्याची त्याची जबाबदारी आहे.